आरसीसीबी इथे वाचवणार नाही

भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींचा एक समज काही केल्या जात नाही: ‘घरात आरसीसीबी आहे, शॉक बसलाच तर तो ट्रिप होईल.’ हा समज जीवघेणा आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतो. साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सर्किट तोडतो. पण या ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्या तारेने जोडलेल्या नसतात, त्यांचा संबंध फक्त चुंबकीय असतो. दुय्यम गुंडाळीचे एक टोक लोखंडी कोअरला जोडलेले, दुसऱ्या टोकावर सुमारे २००० व्होल्ट. ते टोक हाताला लागले, की प्रवाह शरीरातून कोअरकडे आणि तिथून त्याच गुंडाळीत परत जातो. प्राथमिक बाजूला फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह सारखाच वाढतो. फरकच नाही, मग आरसीसीबी ट्रिप होणार कशाने? ‘कोअरला अर्थिंग केले तर?’ असे हमखास विचारले जाते. अर्थिंग हवेच, पण त्याने हा हिशेब बदलत नाही: जमिनीत गेलेला प्रवाहही दुय्यम गुंडाळीकडेच परततो.

‘व्होल्टेज नाही, करंट मारतो’ हे अर्धसत्य तर त्याहून चीड आणणारे. शरीरातून किती करंट जाणार, हे व्होल्टेजच ठरवते. २००० व्होल्टपुढे त्वचेचा रोध टिकत नाही आणि हा ट्रान्सफॉर्मर अर्धा अँपिअर सहज देतो. हृदयाची लय बिघडायला त्याचा पाचवा हिस्साही पुरतो. फ्यूज असतो तो वायरिंगसाठी, माणसासाठी नव्हे. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रवाह रबरी चपला अडवत नाहीत. प्लग काढल्यावरही ओव्हनच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचा प्रकार याच ट्रान्सफॉर्मरवर चालतो. त्यात इतके जीव गेले, की अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूड-कारागिरांच्या संस्थेने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदी घातली.

मग या ट्रान्सफॉर्मरचा काहीच उपयोग नाही का? आहे. दुय्यम गुंडाळी पूर्ण काढून तिथे जाड केबलचे दोन-तीन वेढे दिले, की वेढ्यामागे एक व्होल्टच्या आसपास मिळतो, करंट मात्र शेकडो अँपिअर. स्पॉट वेल्डरला नेमके हेच लागते. तेव्हाही प्राथमिक बाजूला २३० व्होल्ट असतातच, म्हणून ती बाजू झाकलेली, कोअर अर्थ केलेला आणि जोडणी जाणत्या माणसाकडून तपासलेली हवी. मूळ दुय्यम गुंडाळी तशीच ठेवून हा ट्रान्सफॉर्मर घरच्या टेबलावर कधीही चालू करू नका.