आकस्मिक पूर

अतिशय जोराच्या पावसानंतर सहा तासांच्या आत, पुष्कळदा एकदोन तासांतच, ओढ्याला किंवा लहान नदीला येणाऱ्या लोंढ्यास आकस्मिक पूर म्हणतात. मोठ्या नदीचा पूर वरच्या भागातून दिवस दोन दिवस चालत येतो व त्याची वर्दी आधी मिळू शकते. येथे तेवढी उसंत नसते. बंधारा फुटल्यानेही असा लोंढा येतो.

कोकण किनाऱ्यावर सह्याद्रीच्या उतारावरील पाणी थोड्या वेळात खाडीपर्यंत पोहोचते आणि भरती असल्यास तेथेच तुंबते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, तेव्हा भरतीने निचरा रोखला होता. समुद्रापासून शेकडो किमी. आत असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात भरतीचा प्रश्न नाही आणि वार्षिक पाऊसही सु. ७५ ते ८० सेंमी. एवढाच, तरीही आकस्मिक पुराचा धोका तेथे मोठा आहे. याचे कारण भूरचनेत सापडते.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर व मध्ये पूर्णेचे सपाट, काळ्या मातीचे खोरे आहे. अजिंठ्याच्या बाजूने नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा इ. नद्या, तर सातपुड्यातून आखूड व तीव्र उताराचे प्रवाह पूर्णेस मिळतात. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे व वाळू यांचा पट्टा असून तो एरवी पाणी शोषून घेतो; म्हणून तेथील नदीपात्रे वर्षाचा बराच काळ कोरडी दिसतात. हा कोरडेपणा फसवा असतो. पावसाचा वेग शोषणाच्या वेगापेक्षा वाढला, की सगळे पाणी गोटे व गाळ यांसह खाली धावते. पुढची काळी माती भिजून फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी मुरणे जवळजवळ थांबते. अशा वेळी पूर्णाही दुथडी भरून वाहत असेल, तर उपनद्यांचे पाणी मुखाशी तुंबून शेतांत पसरते.

पाण्याचे परिमाण साध्या हिशोबाने ध्यानात येईल. १०० चौ. किमी. क्षेत्रावर १०० मिमी. पाऊस पडल्यास १ कोटी घ. मी. पाणी होते. त्यांपैकी ६० टक्के पाणी सहा तासांत वाहून गेले, तर सरासरी विसर्ग सेकंदास सु. २८० घ. मी. होतो. गावाजवळच्या नाल्याला व त्यावरील फरशी पुलाला हा भार पेलणे अशक्यच आहे.

२२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर व जळगाव जामोद या पायथ्याच्या तालुक्यांत हेच अनुभवास आले. नद्यानाल्यांचे पाणी गावांत शिरले, रस्ते बंद पडले आणि शेतजमिनी खरडून गेल्या. पीक बुडाले तर पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. सुपीक थर वाहून गेल्यास किंवा त्यावर गोट्यांचा थर बसल्यास ते शेत कित्येक वर्षे उभे राहत नाही. खारपाणपट्ट्यात भूजल खारट असल्याने शेतकऱ्याची मुख्य भिस्त पावसावरच असते, त्यामुळे हे नुकसान अधिक झोंबते.

अशा पावसास सर्रास ‘ढगफुटी’ म्हटले जाते. हवामानशास्त्रानुसार सु. २० ते ३० चौ. किमी. क्षेत्रावर तासाला १०० मिमी. किंवा अधिक पाऊस झाला, तरच ती संज्ञा योग्य ठरते. विदर्भातील बहुतेक जोराचा पाऊस बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या न्यूनदाब क्षेत्रांमुळे पडतो व तो कित्येक तास टिकतो.

पूर्वसूचनेसाठी भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये दक्षिण आशियाई आकस्मिक पूर मार्गदर्शन प्रणाली सुरू केली. तीत पावसाबरोबरच मातीतील ओलावा विचारात घेऊन पुढील सहा तासांतील धोका व चोवीस तासांतील संभाव्यता वर्तविली जाते. ही सूचना क्षेत्रापुरती असते. अमुक नाल्याला किती पाणी येईल हे ती सांगत नाही. त्यामुळे डोंगराकडील गावाने खालच्या गावाला कळविणे आणि फरशीवरून पाणी वाहत असता ती न ओलांडणे, हे उपाय आजही महत्त्वाचे आहेत. सु. ६० सेंमी. खोल वाहत्या पाण्यात बहुतेक मोटारगाड्या वाहून जाऊ शकतात.