आधी खोली, मग वेग, रंग सर्वांत शेवटी

अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या लार्जमाउथ बाससाठी कृत्रिम आमिषांचा जेवढा बाजार भरतो, तेवढा दुसऱ्या कुठल्याच माशासाठी भरत नसावा. एकाच साच्यातून निघालेलं आमिष डझनावारी रंगांत मिळतं, आणि नवखा माणूस आपली सगळी अक्कल त्या रंगांवर खर्च करतो. तिकडच्या मराठी घरांतूनही शनिवार-रविवारी रॉड घेऊन तळ्यावर जाणारे आता बरेच आहेत. त्यांची खरेदीही याच वाटेनं जाते. माझ्या मते ही निवड उलट्या टोकाकडून केली जाते. आमिष हे मुळात एक घास ठरावीक खोलीवर, ठरावीक वेगानं नेऊन पोचवणारं साधन आहे. मासा पाण्याच्या कुठल्या थरात आहे आणि धावून झडप घालण्याइतका दम त्याच्यात आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पेटीतली बहुतेक आमिषं आपोआप बाद होतात. उरलेल्यांचा रंग मग बघता येतो.

खोलीला पहिला मान का, ते उन्हाळ्यातलं तळं सांगतं. टेक्ससमधल्या किंवा जॉर्जियातल्या खोल जलाशयात ऐन उन्हाळ्यात ऊन लागलेलं हलकं पाणी वर राहतं, थंड आणि जड पाणी तळाशी बसतं, आणि दोहोंच्या मध्ये तापमान झपकन उतरणारा एक पट्टा तयार होतो. गाळ-शेवाळ भरपूर असलेल्या तळ्यात या पट्ट्याखाली कुजणाऱ्या पदार्थांमुळे प्राणवायू संपत जातो आणि वरून नवा पोचत नाही. तिथे आमिष कितीही देखणं असलं तरी त्याला गिऱ्हाईक नाही. म्हणून क्रँकबेट, म्हणजे ओढल्यावर सूर मारणारं आमिष, घेताना आधी त्याच्या तोंडाखालची प्लॅस्टिकची जीभ पाहावी. दोरा ओढला की पाण्याचा दाब त्या जिभेवर येतो आणि आमिष खाली सूर मारतं. जीभ लांब-रुंद असेल तर खोल, आखूड असेल तर उथळ. दोऱ्याची जाडीही इथे हिशेबात येते. जाड दोऱ्याला पाणी जास्त अडवतं, त्यामुळे तेच आमिष बारीक दोऱ्यावर जितकं खाली जातं तितकं जाड दोऱ्यावर जात नाही. आपण अमुक फुटांवर गळ खेळवतोय अशी समजूत असते, आणि आमिष मात्र माशाच्या बरंच वरून निघून जात असतं.

वेगाचं गणित तापमानावर चालतं. बासच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं गार, तेवढा तो मंद. पाणी दहा अंश सेल्सियसच्या खाली गेलं की पचन रेंगाळतं, भूक मोडते, आणि दूर पळणाऱ्या घासामागे जाणं त्याला परवडत नाही. अशा वेळी दोन झटके देऊन मग पाण्यात नुसतं लटकत ठेवता येणारं जर्कबेट, किंवा तळाशी सरपटत नेलेलं जिग कामाला येतं. जिग म्हणजे शिशाच्या किंवा टंगस्टनच्या डोक्याचा, रबरी झालर लावलेला गळ. तो तळावरच्या क्रेफिशची, म्हणजे शेवंडीच्या गोड्या पाण्यातल्या छोट्या भावंडाची, बऱ्यापैकी नक्कल करतो. थांबवणं हे इथलं खरं तंत्र आहे, आणि तेच सर्वांत अवघड, कारण माणसाचा हात रिळाकडे धावतो. आपल्याकडे दिवाळी येते त्या सुमारास तिथे वरचं पाणी गार होऊन जड होतं, थर मोडतात आणि तळं ढवळून निघतं. शाडसारखे लहान मासे ओढ्यांच्या मुखांकडे सरकतात, बासही त्यांच्यामागे जातो; तेव्हा मात्र उथळात वेगानं फिरवलेलं आमिष चालतं.

पाणवनस्पती आणि बुडालेली झाडं असतील तर तिसरा प्रश्न येतो: आमिष अडकल्याशिवाय आत जाईल का? ओहायोतल्या निक क्रीमनं १९४९ मध्ये मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ तयार केलं. पुढे टेक्ससच्या झाडीभरल्या जलाशयांमध्ये त्याच्यापुढे बंदुकीच्या गोळीसारखं सरकतं वजन लावून गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात लपवण्याची पद्धत रूढ झाली. टोक उघडं नसल्यामुळे ते फांद्यांतून सहज सरकतं, आणि माशानं चावा घेतल्यावर जोरात हिसका दिला की बाहेर येतं. गांडुळाच्या रंगांवर पुष्कळ लिहिलं गेलं. त्याचं मोठेपण मात्र या लपवलेल्या टोकात आहे.

यावर पहिला आक्षेप असा की बासला रंग दिसतात, मग रंग दुय्यम कसा? दिसतात, हे खरं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासना विशिष्ट रंगाकडे गेल्यावर खाऊ देऊन शिकवलं, तेव्हा लाल आणि हिरवा त्यांना नीट ओळखता आला. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसंच निळा आणि काळा यांत त्यांची गल्लत होत राहिली. म्हणजे दुकानातल्या कितीतरी छटांमधला फरक माणसाच्या डोळ्यासाठीच असतो. त्यात पाणी लाल प्रकाश आधी गिळतं, त्यामुळे खोलात लाल आमिष काळपट दिसतं. गढूळ पाण्यात तर उजेड-अंधाराचा ठळक फरक आणि कंपन यांवरच भिस्त. माशाच्या कुशीवरची संवेदनरेषा ती कंपनं टिपते, म्हणून तिथे फिरत्या पात्यांचं स्पिनरबेट उजवं ठरतं.

दुसरा आक्षेप विक्रमांचा. जॉर्ज पेरीनं २ जून १९३२ रोजी जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला, तेव्हा त्याच्यापाशी आमिष एकच होतं असं सांगतात. (तो मासा घरी शिजवून खाल्ला गेला, आजच्या विक्रमवीरांना ऐकून घेरी यावी.) मनाबू कुरितानं २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली, ती जिवंत ब्लूगिल मासा लावून. मग निवडीला अर्थ काय? पण विक्रम एका माशाचं वजन सांगतो. रोजच्या शंभर फेकींपैकी किती फुकट गेल्या हे सांगत नाही. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काही मासे मुळातच गळाला लागत नाहीत. इलिनॉयमधल्या रिज लेकवर सहज सापडणारे आणि न सापडणारे बास वेगळे करून त्यांची प्रजा वाढवली, तेव्हा पिढ्यांगणिक दोन वंशांतला फरक वाढत गेला. हे मान्यच करावं लागतं. अचूक खोली आणि वेगानंही प्रत्येक मासा मिळत नाही. जो मिळण्याजोगा आहे, तो हातचा जात नाही इतकंच.

माझा नियम एका ठिकाणी पूर्ण कोसळतो. पाणी पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान आलं की वसंतात नर उथळात घरटं करतो आणि अंडी-पिल्लं राखतो. तेव्हा तो भुकेनं नव्हे, राखणीसाठी चावतो, आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतो. तिथे आमिष निवडण्यात कौशल्य नाही. शिवाय नर उचलला की ब्लूगिल घरट्यावर धाड घालतात. महाराष्ट्रातल्या तळ्यांत बास नाही, पण मरळ आहे. तीही शेवाळाखाली दबा धरणारी, पृष्ठभागावर खेळवलेल्या रबरी बेडकावर तुटून पडणारी. गळाची टोकं बेडकाच्या अंगाला चिकटून वर वळलेली असतात, म्हणून तो कमळाच्या पानांवरून न अडकता ओढता येतो. इथेही रंगाआधी तेच बघायचं. आणि पावसाळ्यात मरळीची जोडीही पिल्लांच्या तांबूस घोळक्याखाली राखणीला फिरत असते. तो घोळका वर दिसला की त्यावरच बेडूक टाकणारे पुष्कळ आहेत. मासा हमखास मिळतो, आणि राखण गेली की पिल्लं इतर मासे आणि बगळे संपवतात.