अक्षरवळण आणि संहितेचा काळ : ‘कॅस्लन’च्या निमित्ताने

साहित्यकृतीचा विचार करताना शब्दांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके ते शब्द ज्या वळणात छापले गेले त्याकडे दिले जात नाही. वस्तुतः अक्षरवळणही वाचकास काही सुचवीत असते. ‘कॅस्लन’ या इंग्रजी सेरिफ वळणाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

विल्यम कॅस्लन (१६९२–१७६६) हा लंडनमधील कारागीर आरंभी बंदुकांवर कोरीवकाम करीत असे. डच टाइपांच्या धर्तीवर त्याने घडविलेल्या खिळ्यांचे नमुनापत्रक १७३४ मध्ये प्रसिद्ध झाले. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या रेषेच्या टोकाशी असणारी लहानशी आडवी रेघ. कॅस्लनमध्ये ती मूळ रेषेला हलक्या वळणाने जोडलेली असते. जाड व बारीक रेषांतील भेद मध्यम असतो. प्रत्येक आकाराचा टाइप स्वतंत्रपणे हाताने कोरलेला असल्याने त्यात किंचित अनियमितता आढळते. सुटे अक्षर साधे भासते. पान मात्र एकसंध दिसते. १७७६ साली जॉन डनलॅप याने छापलेला अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच वळणात आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बोदोनी, दिदो यांच्या तीव्र भेदाच्या वळणांपुढे कॅस्लन मागे पडले. १८४४ मध्ये चिझिक प्रेसने हॅना मेरी रॅथबोन यांची ‘लेडी विलोबीची दैनंदिनी’ कॅस्लनमध्ये छापली. पहिल्या चार्ल्सच्या काळातील स्त्रीची ही दैनंदिनी काल्पनिक होती. पण पुस्तक निनावी असल्याने व त्याचे रूप जुने असल्याने अनेकांना ते अस्सल वाटले. विशेष म्हणजे दैनंदिनीचा काळ सतराव्या शतकाचा पूर्वार्ध, तर कॅस्लनचा जन्मच १६९२ चा. म्हणजे हे वळण त्या काळाचे नव्हते. वाचकाच्या मनातील ‘जुनेपणा’चे होते. भाषेतील कृत्रिम आर्षतेचेच हे दृश्य रूप होय.

मात्र हा अर्थ वळणात अंगभूत नाही. बर्नार्ड शॉ यांनी आपली नाटके दीर्घकाळ कॅस्लनमध्येच छापून घेतली व शब्दावरील आघात दाखविण्यासाठी तिरप्या टाइपाऐवजी अक्षरांतील अंतर वाढविले. तेथे जुनेपणाचा आभास अभिप्रेत नव्हता. अर्थ ठरतो तो संहिता आणि वाचनसंकेत यांच्या संबंधातून.

भाषांतराच्या संदर्भात येथे एक अडचण उभी राहते. देवनागरीत सेरिफ नाही. शिरोरेषा ही त्या लिपीच्या रचनेचाच भाग आहे. म्हणून अशी कृती मराठीत आणताना टाइपाचे अनुकरण निरुपयोगी ठरेल. शिळाछापाच्या ग्रंथांतील हस्ताक्षरसदृश वळण अथवा निर्णयसागरचा टाइप यांच्याशी मराठी वाचकाच्या ज्या स्मृती निगडित आहेत, त्यांतूनच समतुल्य परिणाम साधावा लागेल. आणि रॅथबोन यांची कृती आज केवळ संगणकीय पाठातून वाचणाऱ्या अभ्यासकास शब्द सर्व मिळतील; वाचक का फसले, याचा एक महत्त्वाचा पुरावा मात्र मिळणार नाही. तौलनिक अभ्यासात मूळ आवृत्तीचे पान पाहणे आवश्यक ठरते, ते याचसाठी.