बागांची दप्तरं : लेखांक सहावा – शेडमधल्या खणातले नकाशे

इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या हेस्टरकोम्ब इस्टेटीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अग्निशमन दलाचं मुख्यालय होतं. 1973 साली तिथल्या काउंटी कौन्सिलनं दुर्लक्षित बाग पुन्हा उभी करायला घेतली. दगडी पायऱ्या, पाण्याचे पाट, वेलींचा मांडव हे सारं काम एडविन ल्युटेन्स यांचं. दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधणारे तेच हे ल्युटेन्स. दगड जागेवर होते, पण कुठल्या वाफ्यात काय फुलत होतं हे दगड थोडेच सांगणार? मग कुंड्या-अवजारांच्या शेडमधल्या एका खणात लागवडीचे मूळ नकाशे सापडले. ते होते गर्ट्रूड जेकिल यांचे.

जेकिलबाईंचा (1843–1932) नकाशा जवळून बघावा असाच असतो. वाफ्याच्या सरळ चौकटीत लांबट, तिरके, एकमेकांत घुसलेले आकार, प्रत्येक आकारात झाडाचं नाव आणि बरेचदा रोपांची संख्याही. बाईंची नजर अधू होती, प्रवास नकोसा वाटे. उतारवयात त्या कित्येक बागा टपालानंच आखत. मालकानं जागेची मोजमापं धाडायची, बाईंनी आराखडा पाठवायचा. अभ्यासकांच्या हे पथ्यावरच पडलं. एरवी बागेत फिरता फिरता माळ्याला तोंडी सांगितलं असतं, ते सगळं कागदावर उतरलं.

बाईंकडचे हे कागद मात्र इंग्लंडात राहिले नाहीत. बाईंच्या पश्चात अमेरिकन उद्यानरचनाकार बिअॅट्रिक्स फॅरंड यांनी सुमारे 200 बागांचे नकाशे विकत घेतले. फॅरंड स्वतः मोठ्या नावाच्या. अमेरिकेतल्या भूदृश्यरचनाकारांची संघटना 1899 साली स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत त्या एकट्याच स्त्री. मेन राज्यात बार हार्बरला समुद्रकाठी त्यांचं ‘रीफ पॉइंट’ हे घर. तिथली बाग, ग्रंथालय आणि वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह मिळून विद्यार्थ्यांसाठी अभ्यासकेंद्र उभं करायचं, असा त्यांचा बेत होता. पण 1947 च्या वणव्यानं बार हार्बरची दैना झाली, करमाफी मिळाली नाही आणि आपल्यामागे ही बाग कोण सांभाळणार याचा भरवसा उरला नाही.

1955 मध्ये फॅरंड यांनी आपलंच घर पाडायला लावलं आणि बाग मोडली.

त्या वेळी त्या ऐंशी पार केलेल्या होत्या. निर्णय कठोर खरा, पण व्यवहारी. हेळसांडीत बाग कुजत जाताना पाहण्यापेक्षा जे टिकवता येईल ते योग्य हाती द्यावं, असा त्यांचा हिशेब. जेकिल यांच्या नकाशांसह सगळं दप्तर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे गेलं. झाडंही वाया गेली नाहीत. रीफ पॉइंटची अझेलियाची झुडपं जवळच्याच नॉर्थईस्ट हार्बर गावातल्या ‘अॅस्टिकू’ बागेत लावली गेली.

बर्कलीच्या या कागदांमुळे काय घडलं, याचं उत्तम उदाहरण हॅम्पशायरमधल्या अप्टन ग्रे गावात आहे. ‘द स्टुडिओ’ या कलामासिकाचे संस्थापक चार्ल्स होम यांच्यासाठी जेकिलबाईंनी 1908 च्या सुमारास तिथली बाग आखली होती. 1984 च्या सुमारास नवे मालक राहायला आले, तेव्हा सगळीकडे रान माजलेलं. त्यांनी बर्कलीहून नकाशांच्या प्रती मागवल्या आणि वाफ्यामागून वाफा पुन्हा लावला.

अर्थात नकाशा हाती आला की काम संपलं, असं नाही. काही जुने वाण आता रोपवाटिकांत मिळत नाहीत, वनस्पतींची शास्त्रीय नावंही बदललेली. शिवाय जेकिल यांचे ताटवे माळ्यांची फौज गृहीत धरून आखलेले. तेवढे हात आज परवडणार कोणाला? आणि नकाशात दाखवलेलं सगळं प्रत्यक्षात लावलं गेलंच होतं, याची खात्री नकाशा देत नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ग्लीब हाउससाठी बाईंनी 1926 साली आराखडा धाडला. जागा पाहायला त्या कधी गेल्या नाहीत. लागवड तेव्हा पुरती झालीच नाही. ती बाग नकाशाबरहुकूम उभी राहू लागली ती 1980 च्या दशकात.

(पुढील लेखांक : हम्फ्री रेप्टन यांची लाल पुस्तकं)