गवताळ प्रदेशाची परिस्थितिकी आणि पीएच.डी.-उत्तर संशोधन : दीर्घकालीन नोंदींचे महत्त्व

प्रस्तावना

पीएच.डी.नंतरचे संशोधन सामान्यतः दोन-तीन वर्षांच्या अधिछात्रवृत्तीवर चालते. गवताळ प्रदेशातील वनस्पतिसमूहांत होणारे बदल मात्र पुष्कळदा दशकांच्या गतीने घडतात. या दोन कालमानांतील तफावतीमुळे कोणते ज्ञान हाती येते आणि कोणते निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका प्रश्नाच्या आधारे केला आहे. नत्रखतामुळे गवताळ प्रदेशातील वनस्पतिवैविध्य घटते, हे सर्वमान्य आहे. परंतु खत थांबविल्यावर ते परत येते काय?

अल्प मुदतीत सुटणारा प्रश्न

वैविध्य का घटते, हा कारणमीमांसेचा प्रश्न आहे. नत्र मिळताच उंच व जोमदार जाती वाढतात आणि खालच्या लहान वनस्पती सावलीत सापडतात. २००९ मध्ये यान ओतिए व सहकाऱ्यांनी खत दिलेल्या प्रायोगिक वनस्पतिसमूहांत खालच्या थराला कृत्रिम दिव्यांनी प्रकाश पुरविला, तेव्हा वैविध्याची हानी टळली. प्रकाशासाठीची स्पर्धा हे या घटीचे मुख्य कारण असल्याचे त्यातून दिसले. अशा स्वरूपाचा नेटका प्रयोग मर्यादित मुदतीतही करता येतो.

दीर्घ नोंदींची साक्ष

वैविध्य परत येते काय, हा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे १९८२ मध्ये नत्राचा प्रयोग सुरू झाला. त्यातील काही वाफ्यांना दहा वर्षे भरपूर नत्र देऊन नंतर ते थांबविण्यात आले. फॉरेस्ट इझबेल व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले की, खत थांबून वीस वर्षे लोटल्यावरही या वाफ्यांतील वैविध्य मूळ पातळीवर आले नव्हते.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील पार्क ग्रास प्रयोगाचा निष्कर्ष याच्या उलट आहे. लॉज व गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये तो आरंभिला, तेव्हा खताचा वाळल्या गवताच्या उत्पन्नावरील परिणाम पाहणे एवढाच हेतू होता. तेथील काही वाफ्यांचे नत्र १९८९ मध्ये बंद झाले. जोनाथन स्टॉर्की व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील निबंधानुसार त्यांनी गमावलेले बरेचसे वैविध्य परत मिळविले, विशेषतः जेथे चुना दिला होता तेथे. मात्र जेथील माती अत्यंत आम्लधर्मी झाली होती, तेथे असे घडले नाही.

पार्क ग्रास येथे गवत वर्षातून दोनदा कापून उचलले जाते. त्यामुळे पोषकद्रव्ये बाहेर जातात व जमिनीपर्यंत प्रकाश पोहोचतो. पुनरुज्जीवनास याचे साहाय्य झाले असावे, असे संशोधकांचे मत आहे. म्हणजेच हानी भरून येणे हे केवळ खत थांबविण्यावर नव्हे, तर गवताच्या व्यवस्थापनावरही अवलंबून असू शकते. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून हा भेद कळला नसता.

महाराष्ट्राच्या संदर्भात

सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, सातारा या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील माळरानांवर पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते आढळतात. चराई व गवतकापणी हा या माळांच्या जीवनाचा भाग आहे. अशा भूमीची गणना पुष्कळदा 'पडीक' म्हणून होते आणि तिच्यावर वृक्षलागवडीच्या योजना येतात. परदेशी निष्कर्ष या माळांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. येथील माळ नांगरला, खोदला वा झाडांनी व्यापला, तर काय गमावले आणि काय परत येईल, हे सांगण्यासाठी येथीलच नोंदी हव्यात.

येथे महाविद्यालयाचे स्थान महत्त्वाचे ठरते. अधिछात्र बदलतो, संस्था टिकते. जवळच्या माळावर रीतसर परवानगीने कायम खुणांच्या काही चौकटी आखणे, दरवर्षी पावसाळ्याअखेर ठरावीक पंधरवड्यात एकाच पद्धतीने जातींची गणना करणे, नमुने वनस्पतिसंग्रहात ठेवणे आणि नोंदवही ग्रंथालयात जतन करणे, यांस मोठा निधी लागत नाही. सातत्य मात्र लागते.

समारोप

पीएच.डी.-उत्तर संशोधक नवा प्रश्न व नवी विश्लेषणपद्धती घेऊन येतो. त्याला काळ पुरविण्याचे काम पूर्वसुरींच्या नोंदी करतात. लॉज व गिल्बर्ट यांना आजचे प्रश्न ठाऊक नव्हते, तरी त्यांनी राखलेल्या वाफ्यांवर ते सोडविता आले. आज आखलेल्या चौकटीचा पुरेपूर उपयोग कदाचित पुढच्या पिढीतील संशोधकालाच होईल. म्हणूनच ती आखण्यास विलंब होऊ नये.