भिंतीत राहणारी गोचीड

बोरिवलीतली सोसायटी असो की घाटकोपरची चाळ, वॉचमनकाकांच्या खुर्चीखाली झोपलेला एक तरी ओळखीचा कुत्रा असतोच. तो सारखा कान खाजवतोय? मग घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा आणि त्याचे कान, मान, पायाच्या बोटांमधल्या बेचक्या नीट बघा. एरंडाच्या बीसारखं टम्म फुगलेलं, राखाडी काहीतरी चिकटलेलं दिसलं, की ती गोचीड!

मोठ्या गोचिडीला पाय आठ. म्हणजे ती कीटक नाही, कोळी आणि विंचवाची नातेवाईक आहे. तिचं ‘नाक’ तर चक्क पुढच्या पायांवर असतं! तिथल्या चिमुकल्या खळग्यांना हॅलरचं इंद्रिय म्हणतात. कुत्र्याच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या अंगाची ऊब तिला त्यानेच कळते.

पण गोचीड राहते कुठे? कुत्र्याच्या अंगावर? फार थोडे दिवस! आपल्याकडच्या कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड अंड्यातून सहा पाय घेऊन निघते, कुत्र्याचं रक्त पिते आणि खाली पडते. फटीत शिरून कात टाकते, तेव्हा तिला आठ पाय येतात. पुन्हा कुत्रा, पुन्हा फट, आणि पुन्हा कुत्रा. शेवटी पोट भरलेली मादी उतरते, भिंतीवर चढून एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते आणि मरते. रक्त मिळालं नाही, तरी मोठी गोचीड कित्येक महिने तग धरते. म्हणून नुसती कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही. त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवायला हवं आणि भिंतीच्या, चौकटीच्या फटी बुजवायला हव्यात.

चिकटलेली गोचीड मोठ्यांनीच काढायची. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला अगदी कातडीलगत धरायचं आणि न पिळता, न झटकता, सरळ वर ओढायचं. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काहीही वापरायचं नाही, आणि तिला बोटांनी चिरडायचं तर मुळीच नाही. स्पिरिटच्या बाटलीत टाकली की ती मरते. मग जखमेला जंतुनाशक लावायचं आणि हात साबणाने धुवायचे.

एवढी काळजी कशासाठी? १८९३ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी दाखवून दिलं, की गुरांचा एक जीवघेणा ताप गोचिडी पसरवतात. डास मलेरिया पसरवतो हे तेव्हा सिद्धही झालं नव्हतं! कुत्र्यांनाही गोचीडताप होतो. कुत्रा जेवेनासा झाला, मलूल पडला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यायला सांगा.

गोचिडी लागू नयेत म्हणून गोळ्या, पट्टे आणि मानेवर टाकायचे थेंब मिळतात. कुठलं द्यायचं, ते कुत्र्याचं वजन आणि वय बघून डॉक्टरच ठरवतील. आणि हो, कुत्र्याचं औषध मांजरीला कधीही लावू नका. त्यातल्या काही औषधांमध्ये परमेथ्रिन असतं, आणि ते मांजरीच्या जिवावर बेतू शकतं.