गुडघ्याची जुनाट सूज : वेदनाशामकाआधी कारणाचा शोध हवा

गुडघा दुखू लागला की 'आता वयच झाले' म्हणून दुखणे अंगावर काढायचे किंवा दुकानातून वेदनाशामक गोळी आणून वेळ मारून न्यायची, ही सवय घरोघरी आढळते. मात्र आठवडेच्या आठवडे टिकणारी सूज हा स्वतंत्र आजार नसून सांध्यातील बिघाडाचे लक्षण आहे. तो बिघाड ओळखल्याशिवाय उपचारांना दिशा मिळत नाही.

गुडघ्याच्या सांध्याला आतून पातळ आवरण असते. त्यातून पाझरणारा द्रव कूर्चेला वंगण आणि पोषण पुरवतो. कूर्चा झिजली किंवा आवरणाचा दाह झाला की हा द्रव प्रमाणाबाहेर वाढतो. यालाच 'गुडघ्यात पाणी होणे' म्हणतात. सुईने पाणी काढल्यास आराम पडतो. परंतु मूळ कारण कायम राहिल्यास ते पुन्हा साठते.

पन्नाशीनंतर झिजेचा संधिवात हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. त्यात सकाळचा ताठरपणा साधारणतः ३० मिनिटांत ओसरतो आणि जिना उतरताना वेदना वाढतात. ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, बोटे व मनगटेही सुजत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी. चिकुनगुन्यानंतर सांधे कित्येक महिने दुखू शकतात. एकाच गुडघ्याची हळूहळू वाढणारी सूज, बारीक ताप व वजनातील घट यांमागे क्षयरोगही असू शकतो. क्ष-किरण, रक्त आणि सांध्यातील द्रवाच्या तपासणीतून निदानाला मदत होते.

झिजेच्या संधिवातात पूर्ण विश्रांती अपायकारक ठरते. सूज व वेदनेमुळे मांडीचे स्नायू दुर्बल होतात आणि सांध्यावरील भार आणखी वाढतो. उताणे झोपून, पाय सरळ ठेवून हळूहळू उचलणे आणि काही सेकंद धरून ठेवणे हा साधा व्यायाम उपयुक्त आहे. वजन एक किलोने घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने हलका होतो. उकिडवे बसणे, मांडी घालून दीर्घकाळ बसणे त्रासदायक वाटत असल्यास खुर्ची व कमोडचा वापर करावा.

वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. घटक न छापलेल्या पुड्यांपासून दूरच राहावे. त्यांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते. या उपायांनंतरही तीव्र वेदना व चालण्यातील अडचण कायम राहिल्यास सांधेरोपणाचा विचार होतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आहे.

गुडघा अचानक लाल व गरम होऊन ताप आल्यास, किंवा पायावर भार देणेच अशक्य झाल्यास, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जंतुसंसर्ग असल्यास काही दिवसांचा विलंबही सांध्याची कायमची हानी करू शकतो.